विज्ञानाची सीमा आणि तथागतांचे मौन

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी आम्हाला या व्याख्यानाचे आमंत्रण दिले तेव्हा विषयही त्यांनीच देऊन टाकला. विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात मुलांनी एक प्रश्न काढला होता. हे विश्व मुळात आहेच का? काहीच नसते तर काय बिघडले असते? आणि विज्ञान याचे उत्तर कधी देईल का? वर्ग घेणाऱ्या ताईंनी प्रामाणिकपणे सांगितले की हे आपल्याला ठाऊक नाही, व्याख्यानाला पाहुणे येतील त्यांना विचारू. म्हणजे परीक्षा आमची आहे बघा!

पण हा प्रश्न नायगावात विचारला गेला, याचे आम्हाला नवल वाटले नाही. याच नायगावात ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषद भरली होती. ३१ मे रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी 'मुक्ती कोन पथे?' हे आपले गाजलेले भाषण येथेच केले. त्या भाषणाच्या अखेरीस त्यांनी तथागतांनी आनंदाला केलेला उपदेश सांगितला, की स्वतःचा दिवा स्वतः व्हा, दुसऱ्याच्या आसऱ्याला जाऊ नका. धर्मांतर व्हायला अजून वीस वर्षे होती. ऐकणारी माणसे गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालिटीत राबणारी होती. त्यांना बाबासाहेबांनी सोपे उत्तर दिले नाही, विचार करायला सांगितले. त्यांच्या नातवंडांनी आणि पतवंडांनी आज अवघड प्रश्न विचारावेत, हे रीतीला धरूनच आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. आपल्या वस्तीत दोन प्रकारचे बोलणे कानावर पडते. काही तरुण म्हणतात की विज्ञानाने सगळे सुटले आहे, उरलेलेही लवकरच सुटेल, तेव्हा धम्म वगैरेची गरज काय? याच्या उलट काही जाणती माणसे म्हणतात, विज्ञानाला काय कळते? त्याला मर्यादा आहेत. आणि हे वाक्य संपते न संपते तोच खिशातून कोणा बाबाचा पत्ता काढतात. आमचे म्हणणे असे की या दोघांनीही मालुंक्यपुत्ताची गोष्ट नीट वाचलेली नाही.

मज्झिम निकायातले चूळमालुंक्य सुत्त आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. श्रावस्तीच्या जेतवनात मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू एकांतात बसला असताना त्याच्या मनात आले की भगवंत काही प्रश्नांची उत्तरेच देत नाहीत. जग शाश्वत आहे की अशाश्वत? त्याला अंत आहे की ते अनंत आहे? जीव आणि शरीर एकच की वेगवेगळे? तथागत मरणानंतर असतो की नसतो, की असतोही आणि नसतोही, की असतो असेही नाही आणि नसतो असेही नाही? असे एकूण दहा प्रश्न. यांनाच अव्याकृत म्हणतात, म्हणजे न उलगडलेले, बाजूला ठेवलेले. मालुंक्यपुत्त तडक भगवंतांकडे गेला आणि म्हणाला की उत्तर ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर ठाऊक नाही म्हणा, नाहीतर मी हा संघ सोडून चाललो. गुरूला असे तोंडावर विचारण्याची मोकळीक त्या संघात होती, हेही ध्यानात घ्या.

भगवंतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. सोयरेधायरे वैद्य घेऊन येतात, आणि हा म्हणतो, थांबा. बाण मारणारा क्षत्रिय होता की ब्राह्मण, वैश्य होता की शूद्र? त्याचे नावगोत्र काय? उंच की बुटका, काळा की गोरा? कोणत्या गावचा? धनुष्य कसले, दोरी कशाची, पिसे कोणत्या पक्ष्याची? हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही. तो माणूस उत्तरे मिळण्याआधीच मरून जाईल. जग शाश्वत असो की नसो, जन्म आहे, जरा आहे, मरण आहे, शोक आहे. आणि मी याच दुःखाचा निरोध सांगतो, असे भगवंत म्हणाले.

आता गंमत अशी की ह्या गोष्टीचा आपल्याकडे फार स्वस्त उपयोग होतो. कोणी जरा खोलात जाऊन विचारले की लगेच त्याला सांगायचे, फालतू प्रश्न विचारू नकोस, बाणाची गोष्ट आठव. आम्हाला हे मान्य नाही. त्या जखमी माणसाची यादी पुन्हा एकदा काळजीपूर्वक वाचा. मारणाऱ्याची जात आहे, रंग आहे, गाव आहे, पिसे आहेत. पण बाणाला लावलेले विष कोणते, हा प्रश्न त्या यादीत नाही. तो वैद्य विचारील, कारण त्यावाचून त्याला उतारा देता येणार नाही. भगवंतांनी शोध घेण्याला बंदी केलेली नाही. जखमेशी ज्याचा संबंध नाही त्या प्रश्नापायी उपचार अडवू नका, एवढेच त्यांनी सांगितले. यात फार मोठा फरक आहे.

याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. नायगावातून चालत निघाले तर परळचे हाफकीन इन्स्टिट्यूट लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि बघता बघता शहर ओस पडू लागले. गिरण्यांतले कामगार गावांकडे पळाले. लोक विचारत होते की हे कोणाच्या कोपामुळे झाले, कोणते पाप भोवले? काहींनी नवस केले, काहींनी खालच्या जातीच्या वस्त्यांना दोष दिला. म्हणजे बाण मारणाऱ्याची जात विचारणेच की ते! अशा वेळी वाल्डेमार हाफकीन हा रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर चाचणी झाली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ पासून ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

पण आम्हाला आज हाफकीनपेक्षा पिसवेबद्दल बोलायचे आहे. हसू नका. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने ओळखला होता, पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा हे कळत नव्हते. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितले की मेलेल्या उंदराच्या अंगावरून उडालेली पिसू हे काम करते. त्या वेळी फार थोड्यांनी त्याचे ऐकले. शहरात माणसे मरत असताना हा गृहस्थ उंदरांची पिसवे काय निरखतो, असेच कोणालाही वाटले असते. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन मंडळाने परळच्या याच प्रयोगशाळेत काम करून तेच सिद्ध केले. पिसवेची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर पिंजरा टांगला, की आतला गिनीपिग वाचायचा. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातला मरायचा.

तर सांगायची गोष्ट अशी, की पिसवेची उडी किती इंचांची, हा प्रश्न धनुष्याची दोरी कशाची या प्रश्नासारखाच रिकामटेकडा दिसतो. निघाला मात्र विषाचा प्रश्न. कोणता प्रश्न फालतू आणि कोणता जीव वाचवणारा, हे पुष्कळदा आधी कळत नाही. म्हणून मुलांना गप्प बसवू नका. प्लेगने मुंबईला घाणेरड्या, कोंदट खोल्यांकडे बघायला लावले, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने ज्या बी.डी.डी. चाळी बांधल्या त्यांतल्या ४२ आपल्या नायगावच्या. त्यांच्या जागी आता टॉवर उभे राहत आहेत, तो विषय वेगळा.

इतके झाले विज्ञानाच्या सामर्थ्याबद्दल. मग सीमा कोठे लागते?

मालुंक्यपुत्ताचा पहिलाच प्रश्न घ्या. जग शाश्वत की अशाश्वत? अडीच हजार वर्षांपूर्वी या प्रश्नाला तर्काखेरीज दुसरे साधन नव्हते. विसाव्या शतकात मात्र तो दुर्बिणीच्या टप्प्यात आला, आणि त्या वादात एक मराठी माणूस अगदी आघाडीवर होता. डॉ. जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. केंब्रिजला ते फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी झाले. हॉईल यांचे मत असे की विश्वाला आरंभ नाही, ते नेहमी असेच आहे; दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तेव्हा मधल्या पोकळीत नवे द्रव्य निर्माण होत राहते. म्हणजे जग शाश्वत! उलट बाजूचे म्हणत की सगळे एका अतितप्त, अतिघन अवस्थेतून सुरू झाले. त्या कल्पनेला 'बिग बँग' हे नाव हॉईल यांनीच १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना दिले, आणि तेच चिकटले. १९६४ मध्ये हॉईल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. पुढच्याच वर्षी पेंझियास आणि विल्सन या दोघा अमेरिकनांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या मंद किरणांचा शोध जाहीर केला, निरपेक्ष शून्याच्या वर साधारण २.७ अंश इतक्या थंड. ती त्या आरंभीच्या उष्णतेची राख आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञांनी मानले. आज आपल्या विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे धरतात.

नारळीकर १९७२ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, मग पुण्यात 'आयुका' उभी केली. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी शाश्वत विश्वाची कल्पना नव्या रूपात मांडली. शास्त्रज्ञांच्या मोठ्या समुदायाने ती स्वीकारली नाही. तरीही २० मे २०२५ रोजी निधन होईपर्यंत ते शंका विचारणाऱ्यांच्या बाजूचेच राहिले. आम्हाला या माणसाचे फार कौतुक वाटते. बहुमत दुसरीकडे असताना पुरावा दाखवा म्हणत राहणे, आणि तरीही समोरच्याला शत्रू न मानणे, हे कालामांना केलेल्या उपदेशाशी जुळणारे वागणे आहे.

आता नीट ऐका. समजा, आरंभ झाला हे पक्के ठरले. मुले लगेच विचारतात, त्याच्या आधी काय होते? भौतिकशास्त्राची आजची समीकरणे मागे मागे नेत गेले की एका क्षणाच्या अगदी लहान अंशापाशी ती निकामी होतात. उद्या त्याहून चांगली समीकरणे येतील आणि आणखी मागे जाता येईल. ही सीमा सरकणारी आहे, हिला घाबरण्याचे कारण नाही. पण ती समीकरणे लागू पडावीत असे काही मुळात का आहे, आणि हेच नियम का, दुसरे का नाहीत, असे विचारले तर विज्ञान एका नियमाचे कारण दुसऱ्या नियमात दाखवते, दुसऱ्याचे तिसऱ्यात. शेवटच्या पायरीवर 'आहे हे असे आहे' इतकेच म्हणावे लागते. येथे काही मंडळी घाईने देवाला आणून बसवतात. पण मग देव का आहे? तोच प्रश्न, फक्त एक पायरी वर सरकला. उत्तर मिळाले नाही ते नाहीच, वर पूजाअर्चेचा खर्च वाढला!

दुसरी सीमा अधिक जवळची आहे, आणि या व्याख्यानाला आम्ही खरे तर तिच्यासाठी आलो. विहारात काम करणाऱ्यांना मयताच्या घरी जावे लागते. तरुण मुलगा गेलेला असतो. केईएमच्या कागदावर मरणाचे कारण लिहिलेले असते, आणि ते बरोबरही असते. आई तो कागद बाजूला सारते आणि विचारते, भाऊ, तो आता कुठे असेल? डॉक्टरने दिलेले उत्तर तिच्या प्रश्नाचे नाही. विज्ञानाने सांगितलेले सगळे खरे आहे आणि तरी तिचा प्रश्न जागच्या जागी आहे. अशा वेळी आपण काय बोलायचे? पुष्कळ जण बिचारे चांगल्या हेतूने सांगतात की ऊर्जा नष्ट होत नाही, विज्ञानच सांगते, म्हणजे तुझा मुलगा कुठेतरी आहेच.

धम्मबंधूंनो, हे सांगू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कोणाचा असे दोन प्रश्न मुद्दाम वेगळे केले आहेत. शरीराची मूलद्रव्ये त्यांच्या साठ्यात जाऊन मिळतात आणि पुन्हा नव्या रूपात येतात, हे त्यांनी विज्ञानाला धरून मांडले. पण तोच माणूस, तोच आत्मा पुन्हा येतो, याला त्यांनी त्यातून आधार काढला नाही. शरीराची उष्णता हवेत मिसळली हे खरे, परंतु त्या उष्णतेला आईची हाक ऐकू येत नाही. ऊर्जेच्या नियमाला आत्म्याचा अंगरखा चढवणे म्हणजे विज्ञानाचाही अपमान आणि धम्माचाही.

मग काय सांगावे? वच्छगोत्त परिव्राजकाने भगवंतांना हेच विचारले होते, की मुक्त झालेला मरणानंतर कोठे जातो? भगवंतांनी उलट विचारले, समोरचा अग्नी विझला तर तो पूर्वेला गेला की पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? वच्छगोत्त म्हणाला, असा प्रश्नच लागू होत नाही. काडीकचरा होता तोवर जळला, सरपण संपले आणि विझला. काही प्रश्नांना उत्तर सापडत नाही याचे कारण उत्तर लपलेले आहे असे नसते. प्रश्नाच्या बांधणीतच एक जागा गृहीत धरलेली असते, आणि ती जागाच नसते.

हे ज्ञान त्या आईला त्या दिवशी ऐकवायचे नाही, बरं का! किसा गोतमीला भगवंतांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आण, म्हणून घरोघरी पाठवले. ती चालत गेली, लोक तिच्याशी बोलले, प्रत्येक घरातले मरण तिने ऐकले. आमच्या अनुभवाने सांगतो, चाळीत हे काम शेजारणी आपोआप करतात. सात दिवस त्या घरी चूल पेटू देत नाहीत, डबा येतो, रात्री कोणीतरी सोबतीला झोपते. आपण विहाराच्या लोकांनी तेथे बसावे, 'आम्हाला ठाऊक नाही' म्हणायला लाजू नये, आणि तिच्या दुसऱ्या मुलाची फी भरायची राहिली असेल तर ती भरावी.

आता राहिले ते 'मर्यादा'वाले. विज्ञानाला मर्यादा आहेत हे आम्ही कबूल केले, म्हणून कोणी पत्रिका घेऊन पुढे येऊ नये. पत्रिका जे सांगते ते मर्यादेच्या पलीकडचे नाही, चांगले अलीकडचे आहे, तपासता येण्यासारखे आहे. आणि ते तपासले गेलेले आहे. २००८ मध्ये डॉ. नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली. १०० हुशार मुले आणि १०० मतिमंद मुले, अशा २०० जणांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि विचारले, यातले हुशार कोणते ते ओळखा. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली सुमारे ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती! दाभोलकरांचा पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. तपासता येणारा प्रश्न तपासा, एवढेच म्हणणाऱ्या माणसाला आपल्या राज्यात ही किंमत द्यावी लागली.

म्हणून आम्ही म्हणतो की सीमा नेमकी आखली पाहिजे. मूल होत नाही, नोकरी लागत नाही, ताप उतरत नाही, हे अव्याकृत प्रश्न नव्हेत. त्यांना डॉक्टर आहे, वकील आहे, युनियन आहे. जो माणूस अशा प्रश्नाला गूढ म्हणतो तो तुमच्या खिशाकडे बघतो आहे असे समजा. बाबासाहेबांनी अधम्म कशाला म्हणावे हे सांगताना दैवी चमत्कारावरचा विश्वास, ईश्वरावरचा विश्वास, आत्म्यावरचा विश्वास यांच्या जोडीला निव्वळ तर्कटांवर उभारलेला धर्मही घातला आहे, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. म्हणजे विश्व कसे झाले याची सुंदर कल्पना करून त्यावर धर्म उभारणे हेही त्यांना मान्य नव्हते, मग ती कल्पना आपल्या सोयीची का असेना.

जाता जाता दोन माणसांची आठवण करतो. धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, गोव्यातल्या साखवाळचे. बुद्धाच्या शोधात घरदार सोडून श्रीलंका, ब्रह्मदेश हिंडले, पाली शिकले, आणि परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पर्यंत होते, पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. बापाने सुत्ते वाचली, मुलाने जुनी नाणी तराजूत तोलली. हातोहात फिरताना नाणे किती झिजते याचे गणित बसवून त्यांनी प्राचीन इतिहासाची माहिती काढली. इतिहासाचा अर्थ काय, असे न विचारता हे नाणे किती गुंजा झिजले असे विचारले, आणि नाण्याने उत्तर दिले. मुलांना विज्ञान शिकवायचे तर असा प्रश्न करायला शिकवा.

आणि मोठा प्रश्न? तो टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. अंगुत्तर निकायात रोहितस्साची कथा आहे. हा पूर्वी मोठा वेगवान ऋषी होता, बाणासारखा धावणारा. जगाचा अंत गाठायचा म्हणून शंभर वर्षे धावला आणि वाटेतच मेला. भगवंत त्याला म्हणाले की चालून जगाचा अंत सापडत नाही. पण तो गाठल्याशिवाय दुःखाचा अंतही होत नाही, आणि तो या वाव भर देहातच, संज्ञा आणि मन असलेल्या देहात शोधायचा आहे. नारायणगावजवळ खोडदला टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. रोहितस्सापेक्षा ती कितीतरी दूर पोचली आहे. अभ्यासवर्गाची सहल तेथे न्यावी अशी आमची सूचना आहे. मुलांनी तेथल्या शास्त्रज्ञांना तोच प्रश्न विचारावा जो ताईंना विचारला, आणि परत आल्यावर हे सुत्त वाचावे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, वेळ संपत आला. खीरदानाची व्यवस्था बाहेर पटांगणात आहे असेही तिच्यात लिहिले आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी येथेच थांबावे, लहान मुलांना आधी संधी देऊ. जयभीम! नमो बुद्धाय!